वाटेवरचें एडन

लांबच्या जलप्रवासांत मधल्या एखाद्या बंदरांत आगबोट कांहीं तास थांबते, आणि तेवढ्या अवधींत उतारू किनाऱ्यावर जाऊन शहर पाहून येतात. विलायतेच्या वाटेवर मराठी माणसास असें पहिलें शहर लागे तें एडन. मुंबई सोडल्यावर सुमारें सोळाशें सागरी मैल पाण्यावांचून दुसरें कांहीं न पाहिलेल्या डोळ्यांना प्रथम जमीन दिसे ती एडनच्या काळ्या, बोडक्या डोंगरांची. उतारूंच्या आगबोटींचा तो काळ आतां संपला आहे. परंतु जवळजवळ शंभर वर्षें विद्यार्थी, व्यापारी, संस्थानिक आणि पुढारी या सर्वांस परदेशाचें पहिलें दर्शन घडविण्याचा मान या शहराकडे होता. त्या कांहीं तासांच्या मुक्कामांत प्रवाशाला काय दिसे, काय दिसत नसे, आणि जें दिसत नसे त्याचा आपल्या इतिहासाशीं कोणता संबंध आहे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम दिसे तें पाहूं. आगबोट जेथें नांगर टाकी त्या भागास इंग्रज स्टीमर पॉइंट म्हणत. अरब लोक त्यास तवाही म्हणतात. नांगर पडतांच बोटीभोवतीं लहान लहान होड्या गोळा होत. त्यांतलीं सोमाली मुलें उतारूंनीं पाण्यांत फेकलेलें नाणें बुडी मारून वर आणीत, आणि हा खेळ कठड्यापाशीं उभ्या असलेल्या मंडळीस पुष्कळ वेळ पुरे. शहामृगाचीं पिसें विकणारे फेरीवाले येत. मग किनाऱ्यावर उतरून गाडी ठरवावयाची आणि पांचएक मैलांवरील जुन्या शहराकडे निघावयाचें. वाट समुद्राच्या कडेनें माअला नांवाच्या वस्तीवरून जाई. तेथें अरबी व हिंदी गलबतें लागलेलीं असत. पुढें चढ चढून, खडक फोडून केलेल्या खिंडींतून गाडी पलीकडे उतरली, कीं चोहों बाजूंनीं उंच कडे असलेल्या एका प्रचंड वाटींत आपण आलों असें उतारूंच्या ध्यानांत येई. ही वाटी म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचें तोंड. तिच्यांत वसलेल्या शहरास इंग्रजांनीं क्रेटर हेंच नांव दिलें. या शहराच्या एका टोकाला, शमसान डोंगराच्या घळींत, एडनचीं प्रसिद्ध टाकीं आहेत. तीं पाहिलीं कीं पाहणें संपलें. कारण तोंवर आगबोटींत कोळसा भरून होत आलेला असे, आणि तिची शिटी कोणासाठीं थांबत नसे.

टाकीं पाहण्याजोगीं आहेत यांत शंका नाहीं. एडनास नदी नाहीं. पाऊस कधीं कधीं वर्षेंच्या वर्षें पडत नाहीं, आणि पडला तर डोंगरावरून एकदम लोंढा घेऊन येतो. तो समुद्रास मिळूं न देतां अडवावा, म्हणून प्राचीन काळच्या लोकांनीं घळींत एकाखालीं एक अशीं टाकीं खोदलीं व बांधलीं. वरचें भरलें कीं पाणी खालच्यांत यावें, अशी योजना. कालांतरानें दगडमाती वाहून येऊन तीं बुजून गेलीं. १८५६ च्या सुमारास प्लेफेअर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्यांतलीं कांहीं उकरून दुरुस्त करविलीं, आणि तेव्हांपासून तीं उतारूंना दाखविण्याची चीज झालीं.

या पाण्याच्या दुर्भिक्षाची आणि पाऊस सांठविणाऱ्या टाक्यांची नोंद चौदाव्या शतकांतील मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानेंही केली आहे. परंतु त्यानें आणखी एक गोष्ट टिपली आहे, आणि ती आमच्या दृष्टीनें टाक्यांहून महत्त्वाची आहे. एडन हें हिंदी लोकांचें बंदर असून तेथें खंबायत, ठाणें, कोल्लम, कालिकत इत्यादि ठिकाणांहून मोठीं जहाजें येतात, असें तो सांगतो. या यादींत ठाण्याचें नांव आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. म्हणजे इंग्रज एडनास येण्याच्या पांचशें वर्षें आधीं उत्तर कोंकणांतलीं जहाजें तेथें लागत होतीं. त्यांवरील व्यापाऱ्यास एडन हें घटकाभर पाहून सोडून देण्याचें नवल नव्हतें. तें त्याच्या नेहमींच्या पेठांपैकीं एक होतें.

हा जुना संबंध पुढें क्षीण झाला आणि एडनही खालावत गेलें. तें पुन्हां वर आलें तें कोळशामुळें. १८३० च्या मार्च महिन्यांत 'ह्यू लिंडसे' नांवाची आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. ती मुंबईच्याच गोदींत बांधलेली होती. विलायतेची डाक आफ्रिकेला वळसा घालून महिनेच्या महिने येण्याऐवजीं तांबड्या समुद्राच्या वाटेनें यावी, अशी मुंबई सरकारची खटपट होती, आणि सर जॉन माल्कम हे त्या वेळीं गव्हर्नर होते. या आगबोटीनें वाटेंत एडन येथें थांबून कोळसा घेतला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत बोरघाटाचा नवा गाडीरस्ता माल्कमसाहेबांच्याच कारकीर्दींत खुला झाला. त्या काळीं पुण्याचा माणूस घाट उतरून पनवेल बंदरीं येई आणि तेथून खाडीवाटे होडीनें मुंबईस जाई. १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढून गेली तोंपर्यंत ही वाट मोठ्या रहदारीची होती. या दोन गोष्टी एके ठिकाणीं ठेवून पाहिल्या म्हणजे एक संबंध ध्यानांत येतो. लंडनहून पुण्यास येणाऱ्या एकाच लांब वाटेवर एडन आणि पनवेल हे दोन टप्पे होते. एके ठिकाणीं आगबोटीस कोळसा मिळे, दुसऱ्या ठिकाणीं उतारूस होडी सोडून गाडी मिळे. दोन्ही गांवें जाणाऱ्या-येणाऱ्यांना ठाऊक होतीं, आणि दोन्ही ठिकाणीं फार वेळ कोणी थांबत नसे.

१८३७ सालीं 'दर्या दौलत' नांवाचें, इंग्रजी निशाण लावलेलें एक जहाज एडनजवळ फुटलें आणि त्यावरील यात्रेकरू लुटले गेले. हें निमित्त मुंबई सरकारास पुरेसें झालें. कॅप्टन हेन्स या आरमारी अधिकाऱ्यास तेथें पाठविण्यांत आलें. कांहीं काळ बोलणीं झालीं, तीं फिसकटलीं, आणि १९ जानेवारी १८३९ रोजीं एडन तोफांच्या बळावर घेण्यांत आलें. चढाई करणाऱ्या फौजेंत मुंबईच्या देशी पायदळाची २४वी पलटण होती, आणि तिला 'एडन' हा रणसन्मान मिळाला. मुंबईच्या फौजेंत त्या काळीं कोंकणांतल्या शिपायांचा भरणा मोठा असे. हें वाचतांना अभिमान वाटावा कीं खेद वाटावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु एडन घेतलें तें मुंबईच्या फौजेनें आणि मुंबईच्या खजिन्यांतून, ही गोष्ट स्पष्ट आहे. घेतलें तेव्हां तेथें अवघीं सहाशेंच्या आसपास माणसें होतीं असें सांगतात. पुढें १८५० सालीं तें जकातमुक्त बंदर झालें, १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, आणि चाळीसएक वर्षांत वस्ती तीस हजारांच्या वर गेली. तिच्यांत पारशी, बोहरी, वाणी असे मुंबईकडचे लोक पुष्कळ होते. व्यवहारांत रुपया चाले. पत्रास हिंदुस्थानचें टपालतिकीट लागे. एडनचीं स्वतंत्र तिकिटें निघालीं तीं १९३७ सालीं. १८३९ पासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई सरकारच्या हाताखालीं होता. म्हणजे आपण परदेशाच्या भूमीवर पहिलें पाऊल ठेवलें असें समजून जो मराठी विद्यार्थी स्टीमर पॉइंटावर उतरे, तो सरकारी दप्तराच्या हिशेबानें अजून मुंबई इलाख्यांतच असे.

येथें कॅप्टन हेन्स यांचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. पंधरा वर्षें त्यांनीं एडनचा कारभार केला. मग खजिन्याच्या हिशेबांत मोठी तूट निघाली आणि १८५४ सालीं त्यांना मुंबईस परत बोलाविण्यांत आलें. अफरातफरीच्या आरोपांतून ते दोनदां सुटले. परंतु तुटीची रक्कम भरतां न आल्यामुळें सरकारनें त्यांना मुंबईच्या कर्जदारांच्या तुरुंगांत टाकलें. सहा वर्षांनीं, १८६० सालीं, त्यांची सुटका झाली, ती प्रकृति अगदीं खचल्यावर. विलायतेस जाण्यासाठीं ते जहाजावर चढले आणि तें मुंबईच्या बंदरांतून निघण्यापूर्वींच वारले. ज्यानें एडन घेतलें तो मुंबईच्या तुरुंगांत राहिला. यानंतर वीस वर्षांनीं मुंबईकडचा एक माणूस एडनच्या तुरुंगांत पोंचला, आणि तो पनवेल तालुक्यांतला होता.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें कीं पळस्पें लागतें आणि त्यापुढें शिरढोण. पलीकडे कर्नाळा किल्ल्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा दिसतो. या शिरढोण गांवीं ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते असें चरित्रकार सांगतात. वासुदेव बळवंतांचें शिक्षण कल्याण व पुणें येथें झालें, आणि पुढें पुण्यास लष्कराच्या हिशेबी खात्यांत त्यांनीं कारकुनाची नोकरी केली. म्हणजे आजच्या आपल्या पांढरपेशा घराण्यांच्या आजोबा-पणजोबांचें जें जीवन, तेंच त्यांचें होतें. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पुण्यांत शिक्षणसंस्था उभारण्याच्या कामांतही ते होते. १८७६-७७ च्या दुष्काळानें त्यांचें मन निराळ्या मार्गाकडे वळलें. रामोशी व इतर लोकांस हाताशीं धरून १८७९ च्या फेब्रुवारीपासून त्यांनीं दरवडे घालून पैसा उभा करण्यास आणि इंग्रजांविरुद्ध बंडाची तयारी करण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनीं पनवेलच्या शेजारच्या पळस्पें आणि चिखली या गांवीं मोठे दरवडे घातले. ते घाटाकडे परततांना मेजर डॅनियलच्या तुकडीनें त्यांना गांठलें आणि त्या चकमकींत नाईक पडले. जुलैंत खुद्द वासुदेव बळवंत विजापूरकडील देवर नावडगी येथें पकडले गेले. श्रीशैल क्षेत्रीं असतांना त्यांनीं स्वतःचें वृत्त लिहून ठेवलें होतें, आणि तेंच खटल्यांत त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढें आलें. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. तरी शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली.

काळें पाणी म्हणजे अंदमान, अशी आपली समजूत आहे, आणि १८५८ नंतरच्या बहुतेक कैद्यांच्या बाबतींत ती खरीही आहे. वासुदेव बळवंतांस मात्र अंदमानास न नेतां १८८० च्या जानेवारींत आगबोटीनें एडनास नेण्यांत आलें. ज्या समुद्रमार्गानें विद्यार्थी बॅरिस्टर होण्यास जात, त्याच मार्गानें ते गेले, आणि त्याच काळ्या डोंगरांचें दर्शन त्यांसही झालें. पुढें मात्र दोघांची वाट एक नव्हती. उतारूच्या लेखीं एडन म्हणजे धक्का, खिंड, टाकीं आणि परत धक्का. कैद्याच्या लेखीं एडन म्हणजे तीन बाजूंस समुद्र, आणि चौथ्या बाजूस अरबस्तानाशीं जोडणारी वाळूची अरुंद पट्टी. ज्या डोंगरांनीं आणि खिंडींनीं शहर बाहेरच्या शत्रूस अजिंक्य झालें होतें, त्यांनींच तें आंतल्या माणसास बंदिवान करीत होतें. तरीही वासुदेव बळवंतांनीं एके रात्रीं कोठडीचा दरवाजा बिजागऱ्यांतून उखडून काढला आणि ते तुरुंगाबाहेर पडले. परका मुलुख, परकी भाषा, ओळखीचें माणूस नाहीं, प्यावयास पाणी नाहीं. कांहीं अंतर गेल्यावर ते पुन्हां पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं, वयाच्या ३८व्या वर्षीं, एडन येथेंच त्यांचा अंत झाला.

यानंतर दोनच महिन्यांनीं, एप्रिल १८८३ मध्यें, महाराष्ट्रांतल्या दोन स्त्रिया थोड्या दिवसांच्या अंतरानें पश्चिमेकडे निघाल्या. कल्याणांत वाढलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिलास कलकत्त्याहून निघाल्या, त्या अमेरिकेंत वैद्यकी शिकण्यासाठीं. पंडिता रमाबाई २० एप्रिलास मुंबईहून निघाल्या, त्या इंग्लंडास. दोघींचाही मार्ग याच समुद्रांतून होता. त्यांच्या प्रवासाची हकीकत आपल्याकडे अनेक वर्षें आदरानें सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या ज्या समुद्रांतून गेल्या त्याच्या कांठीं, अवघ्या साठ-सत्तर दिवसांपूर्वीं, कल्याणच्याच शाळेंत शिकलेला एक माणूस मरण पावला होता, हें त्या हकीकतींच्या शेजारीं कोणी मांडून पाहत नाहीं. इतिहासाचीं प्रकरणें वेगळीं पाडलीं म्हणजे असें होतें. सुधारणेचा इतिहास एका पुस्तकांत, बंडाचा दुसऱ्या पुस्तकांत, आणि समुद्रप्रवासाचा तिसऱ्यांत.

दुसऱ्या देशांच्या वाङ्मयांत एडनचें नांव निराळ्या कारणानें राहिलें. फ्रेंच कवि आर्तूर रॅंबो हा काव्य सोडून देऊन १८८० च्या ऑगस्टांत एडनास आला आणि क्रेटरमधील एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या कॉफीच्या वखारींत नोकरीस राहिला. त्या वेळीं वासुदेव बळवंत त्याच शहरांत कैदेंत होते. रॅंबोनें घरीं लिहिलेल्या पत्रांतल्या एडनच्या रुक्षपणाविषयींच्या तक्रारी आज जगभर वाचल्या जातात. त्याच खडकांत राहिलेल्या आपल्या माणसाविषयीं आपल्या घरांत काय वाचलें जातें, हा प्रश्न आम्हीं वाचकांवर सोपवितों.

एडनच्या वाटेवरचे आणखी दोन प्रसंग येथें नोंदले पाहिजेत. १९१० च्या जुलैंत मार्सेल्स येथील सुप्रसिद्ध उडीनंतर विनायक दामोदर सावरकर यांना पुढें आणलें, तेव्हां एडनास त्यांना दुसऱ्या आगबोटीवर चढवून मुंबईस नेण्यांत आलें. त्यांच्या बाबतींत एडन हा खरोखरच एक टप्पा होता. उतारू बदलतो तसा कैदी बदलला गेला. दुसरा प्रसंग ३ सप्टेंबर १९३१ चा. गोलमेज परिषदेस जाणारे गांधीजी 'राजपुताना' बोटीनें एडनास पोंचले, तेव्हां तेथील नागरिकांनीं त्यांना मानपत्र आणि ३२८ गिनींची थैली दिली. राष्ट्रीय निशाण लावावयाचें कीं नाहीं यावर आधीं घोटाळा झाला. जेथें आपलें निशाण लावतां येत नाहीं तेथें मानपत्र कसें घ्यावें, असें गांधीजींचें म्हणणें पडलें, आणि अखेरीस रेसिडेंटाची संमति मिळून समारंभ निशाणासह झाला. याच शहरांत ४८ वर्षांपूर्वीं एक कैदी निशाणावांचून वारला होता. या दोन तारखा शेजारीं ठेवल्या म्हणजे मधल्या काळांत देश किती चालला होता याचें माप हातीं येतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. उतारूंना हें दिसलें नाहीं, याचा दोष त्यांना द्यावा काय? आमच्या मतें नाहीं. चार-सहा तासांत शहर पाहणारा माणूस वाटाड्या दाखवील तेंच पाहणार, आणि वाटाड्या दाखविणार तें सत्ताधाऱ्यांनीं दाखविण्याजोगें करून ठेवलेलें. टाकीं उकरून नीट केलेलीं होतीं. तुरुंगापाशीं गाडी थांबत नसे. शिवाय उतारूच्या डोळ्यांपुढें त्या वेळीं लंडन असे, आणि ज्याच्या डोळ्यांपुढें लंडन आहे त्याला एडन मागें टाकण्याचीच घाई असणार. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु जे घरीं बसून इतिहास वाचतात त्यांना ही सबब लागू नाहीं. त्यांच्यासाठीं कोणतीही आगबोट शिटी देत नाहीं. उतारूला वेळ नव्हता म्हणून जें राहून गेलें, तें वेळ असलेल्यांनीं भरून काढावें, हेंच इतिहास वाचण्याचें प्रयोजन आहे.

१९३७ सालीं एडन हिंदुस्थान सरकारापासूनही वेगळें करून ब्रिटिश वसाहत करण्यांत आलें, आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजीं तें इंग्रजांच्या हातून सुटलें. आज तें येमेन देशांत आहे. आम्ही हें ज्या नवीन पनवेलींत बसून लिहीत आहों, ती वसाहत सिडकोच्या स्थापनेनंतरची, म्हणजे १९७० नंतरची आहे. पनवेलच्या जुन्या बंदराचें महत्त्व केव्हांच गेलें. त्याऐवजीं जवळच उरण तालुक्यांत न्हावा-शेवा येथें १९८९ पासून मोठें बंदर चालूं आहे. तेथून युरोपकडे जाणाऱ्या मालवाहू जहाजांचा नेहमींचा मार्ग एडनच्या आखातांतूनच जातो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले, तेव्हां अनेक जहाजांनीं पुन्हां आफ्रिकेचा जुना वळसा घेतला. अशा वेळीं वर्तमानपत्रांत एडनचें नांव येतें, आणि तें दूरच्या, परक्या जागेचें नांव म्हणून वाचलें जातें.

तें तितकें दूरचें नाहीं. शिरढोणास वासुदेव बळवंतांचें स्मारक आहे, आणि १९८४ सालीं भारत सरकारनें त्यांचें टपालतिकीट काढलें. पण ज्या शहरांत त्यांचीं अखेरचीं तीन वर्षें गेलीं तें शहर आपल्या मनांतल्या नकाशावर अद्याप आलेलें नाहीं. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, जुन्या पेटींत किंवा वहींत, विलायतेस जाणाऱ्या एखाद्या पूर्वजानें एडनहून टाकलेलें पत्र असेल. तें सांपडल्यास त्यावरील तिकीट आणि तारीख अवश्य पाहावी. तिकीट बहुधा हिंदुस्थानचें असेल. आणि तारीख १८८० च्या जानेवारीनंतरची व १८८३ च्या फेब्रुवारीपूर्वींची असेल, तर तें पत्र लिहिलें गेलें तेव्हां लिहिणाऱ्यापासून फार तर एका खिंडीच्या अंतरावर शिरढोणचे फडके कैदेंत होते, एवढें त्या पत्राच्या कडेला पेन्सिलीनें नोंदून ठेवावें.